बोचकी सोडायला जागा

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, सर्व्हरची खोली होती. तिथं काम करणाऱ्या बाईला सगळे जागाताई म्हणत. पगारपत्रकावर तिचं वेगळं, चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते त्या कागदापलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

असं नाव पडायला कारणही तसंच होतं. कुणी काहीही मागायला आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जागा किती लागेल?" एकदा डोळ्यांचे डॉक्टर मोठ्या उत्साहानं आले. नवीन यंत्र आलंय, त्याचं सॉफ्टवेअर चढवायचंय म्हणाले.

"जागा किती लागेल?"

"फार नाही."

"फार नाही म्हणजे किती?"

डॉक्टरांनी दोन्ही हात जरा लांब करून दाखवले. जागाताईनं शांतपणे वही उघडली, पेन पुढं केलं आणि म्हणाली, "आकडा लिहा." डॉक्टर आकडा आणायला म्हणून गेले ते चार दिवसांनी उगवले. तेव्हापासून नाव जे चिकटलं ते चिकटलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

ही सवय तिला कॉम्प्युटरनं लावलेली नव्हती. त्याआधी नऊ वर्षं ती याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर कपड्यांच्या भांडारात होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, लहान बाळांची दुपटी, सगळं तिच्या ताब्यात. नवीन चादरी आल्या म्हणून जुन्या त्याच दिवशी काढून टाकता येत नाहीत, हे तिथं तिला पहिल्याच महिन्यात कळलं. नव्या धुऊन, मोजून, वॉर्डात जाईपर्यंत जुन्याही फळीवर लागतात. म्हणजे काही दिवस दोन्ही मावल्या पाहिजेत. ज्याला हे कळत नाही, त्याच्या चादरी व्हरांड्यात पडतात आणि मग वॉर्डातल्या सिस्टर त्याचा उद्धार करतात.

नोकरी सांभाळून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि वर जागा निघाली तेव्हा अर्ज ठोकून दिला. मुलाखतीत तिला विचारलं, डिस्क म्हणजे काय? ती म्हणाली, कपाट. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना काय काळजी घ्याल? तिनं चादरींचं सांगितलं. समोरचे तिघं आधी हसले, मग गप्प झाले, आणि आठवड्यानं तिच्या हातात बदलीची ऑर्डर आली. त्या तिघांचं ती आजही नाव घेते. आपल्या चादरी कुणी ऐकून घेतल्या, याचं तिला अजून अप्रूप आहे.

तर आता तिच्या कामाविषयी. रुग्णालयात अडतीस सर्व्हर होते, म्हणजे सगळ्यांची माहिती पोटात घेऊन दिवसरात्र घूं घूं करत बसलेले मोठे कॉम्प्युटर. कुणाकडे रक्ताचे रिपोर्ट, कुणाकडे औषधांचा साठा, कुणाकडे एक्स-रेचे फोटो. या अडतिसांवर नजर ठेवायला देखरेखीचं सॉफ्टवेअर होतं. त्याचा एक छोटा पहारेकरी प्रत्येक सर्व्हरमध्ये बसलेला. हा तापलाय, याची डिस्क भरत आली, हा धापा टाकतोय, अशा खबरा तो दर मिनिटाला मुख्य सर्व्हरला कळवायचा. मुख्य सर्व्हर ते सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मांडायचा. अडतीस चौकोन, ठीक असेल तर हिरवा, कुरकुर असेल तर पिवळा, बोंब असेल तर लाल.

या पहारेकऱ्यांनाही वर्षातून एकदा नवीन आवृत्ती लागते. आणि गेल्या वर्षी तिथंच जागाताईनं मार खाल्ला होता.

झालं होतं असं. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या पुस्तिकेत छापलं होतं, मुख्य सर्व्हरवर साठ जीबी जागा ठेवा. तिनं साठ ठेवली, वर थोडी जास्तच ठेवली. पण तो आकडा कोऱ्या सर्व्हरवर पहिल्यांदा चढवण्याचा होता. जुन्यावर नवं चढवताना साठवलेली सगळी माहिती नव्या पद्धतीनं पुन्हा लिहिली जाते, आणि ते पुरं होईपर्यंत जुनी प्रत तशीच राहते. म्हणजे चादरींचंच आलं की नाही? साऱ्या खात्याला ज्या बाईनं हे ऐकवून ऐकवून वात आणला, तीच छापील आकड्याला भुलली. मुख्य सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली आणि देखरेख जागच्या जागी थिजली. भिंतीवरचे अडतीस चौकोन शेवटचे जसे होते तसेच राहिले. सगळे हिरवे.

सहा तास ते हिरवे होते. त्यात दुसऱ्याच तासाला रक्ताच्या रिपोर्टांचा सर्व्हर बंद पडला आणि इथं पडद्यावर तोही हिरवाच. शेवटी नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर जिने चढून स्वतः वर आल्या. त्यांच्याकडे दोन दिवसांचं एक बाळ होतं, त्याचा रक्ताचा रिपोर्ट सकाळपासून येत नव्हता, आणि बाळाची आई खाटेवर उठून बसून दाराकडे बघत होती. सिस्टर ओरडल्या नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं हिरवं दिसतंय." बाळाला काही झालं नाही, रिपोर्ट हातानं लिहून आणला, तो चांगलाही निघाला. पण जागाताईला ते दाराकडे बघणं न बघताच दिसत राहिलं. तिनं सिस्टरना शब्द दिला, असं पुन्हा होणार नाही.

यंदाची गोष्ट ही अशी सुरू होते. साहेब नवीन आले होते. माणूस वाईट नव्हता, पण गेल्या वर्षीची फाईल त्यांनी वाचली होती. त्यांनी जागाताईला बोलावून सरळच सांगितलं, "हे बघा ताई, या वेळी अडलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं असं वर ठरलंय. तुम्हाला कुणी काढत नाही. भांडारात तुमची जागा आहेच." मंगळवारी सकाळी नऊची वेळ ठरली. सगळ्या विभागांना पत्रं गेली. त्या बाहेरच्या कंपनीचा एक प्रतिनिधीही त्या दिवशी येऊन बसणार होता. बघायला, असं साहेब म्हणाले.

भांडारात जाणं म्हणजे काही काळं पाणी नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण सहा वर्षं जीव लावून उभी केलेली खोली दुसऱ्याच्या हाती द्यायची, सिस्टरना दिलेला शब्द अर्धवट सोडून खाली जायचं आणि आयुष्यभर कुणीतरी म्हणणार, "यांना जमलं नाही," हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारी दुपारी ती घरात जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरून बसली. नवरा मालाची गाडी घेऊन बाहेरगावी होता. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. सात वर्षांपूर्वी, सासरे गेल्यावर, त्या कायमच्या इथं राहायला आल्या. उभा जन्म त्यांनी शिवणकाम केलं होतं आणि सासऱ्यांच्या बदल्यांपायी घरंही बरीच बदलली होती. कशाचं कुठं काय मावेल हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. सूनबाई कागद-पेन घेऊन जे ठरवायची ते त्या मान जरा तिरकी करून सांगायच्या, आणि दोघींचं उत्तर बहुतेक वेळा सारखं यायचं. जागाताईला याचा मनातून राग यायचा.

"एवढं काय लिहितेस गं सकाळपासून?"

"मंगळवारचं, आई. आडाखे बांधतेय."

"मला सांग तरी. माझ्या डोक्यावरून गेलं तर जाईल."

खरं म्हणजे जागाताईलाही कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं कागद फिरवून सासूबाईंपुढं धरला. "हे अडतीस सर्व्हर. हे प्रत्येकाचं कपाट केवढं, त्यात भरलेलं किती, रिकामं किती. आता नवीन आवृत्ती येते ती गाठोडं बांधून येते, एक जीबीचं. गाठोड्याची जागा धरली. ते सोडलं की त्यातून तीन जीबी सामान निघतं आणि त्याचं नवं बस्तान बसतं. त्याची धरली. जुनं लगेच काढायचं नाही, नवं नीट चाललं तरच काढायचं, म्हणून जुन्याचीही धरली. वर पाचवा हिस्सा जास्तीचा. गेल्या वर्षी जिथं चुकलं, त्या मुख्य सर्व्हरवर या वेळी दुप्पट धरलीय. कुठंच कमी पडत नाही."

सासूबाईंनी कागदाकडे बघितलं. वाचता सगळं येत होतं, पण त्या आकडे वाचत नव्हत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"गाठोडं ठेवायला जागा आहे म्हणतेस."

"आहे."

"सामान लावल्यावर त्याला जागा आहे."

"आहे."

"आणि सोडायचं कुठं?"

"म्हणजे?"

"अगं, बोचकी सोडायला जागा नको का? कपाटात बसून कुणी बोचकं सोडतं का? खाली पसरायला लागतं. ती जागा कोणती?"

"आई, त्याच कपाटात सुटतं ते. कॉम्प्युटर आहे हा," जागाताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

कारण ते त्याच कपाटात सुटत नाही, हे तिला माहीत होतं. माहीत होतं आणि सुचलं मात्र नव्हतं. सर्व्हरमध्ये तात्पुरत्या सामानाची एक जागा असते. कुठलंही गाठोडं आधी तिथं सुटतं, मग आतलं सामान आपापल्या ठिकाणी जातं. नव्या सर्व्हरमध्ये सगळं एकाच मोठ्या डिस्कवर असतं, तिथं प्रश्न नाही. पण जुन्या सर्व्हरमध्ये ही तात्पुरती जागा वेगळ्या, छोट्याशा भागात काढलेली असते. त्या छोट्या भागाचा रकानाच तिच्या तक्त्यात नव्हता. खोली मोजली, कपाट मोजलं आणि मधली जमीन मोजायचीच राहिली.

ती तडक उठली. चपला घातल्या आणि रविवारच्या दुपारी रुग्णालयात गेली. सासूबाई मागून ओरडल्या, "अगं, मी काय वाईट बोलले का?"

अडतिसांतल्या प्रत्येक सर्व्हरला तिनं एकच प्रश्न विचारला, तुझ्या तात्पुरत्या जागेत किती रिकामं आहे? सत्तावीस ठीक निघाले. अकरा निघाले नाहीत. कुणाकडे दोन जीबी, कुणाकडे दीड, आणि लागणार तीनच्या वर. ठरल्याप्रमाणे मंगळवारी सुरू केलं असतं तर अकरा ठिकाणी गाठोडं अर्धं सुटून अडकलं असतं. आणि त्या अकरांत मुख्य सर्व्हरही होता. एसीच्या गारठ्यात बसून तिनं ते अकराही एकाखाली एक वहीत उतरवले. मनात एवढंच होतं, की बरं झालं आज रविवार आहे आणि बरं झालं आई मटार सोलत होत्या.

उपाय होता. बोचकी मोठ्या डिस्कवर सोड, असं त्या अकरांना एकेकाला सांगायचं आणि प्रत्येक ठिकाणी तसं खरंच होतंय ना, हे लटकं गाठोडं देऊन तपासायचं. मुख्य सर्व्हरमधल्या जुन्या नोंदी दुसरीकडे हलवायच्या. घाई न करता केलं तर दीड दिवसाचं काम. सोमवारी साहेबांची परवानगी काढण्यात सकाळ जाणार. मंगळवारचे नऊ काही केल्या गाठता येत नव्हते. बुधवार हवा होता.

सोमवारी ती साहेबांपुढं उभी राहिली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "साहेब, माझा तक्ता चुकलाय. मला एक दिवस द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, पत्रं गेलीत. तो माणूस उद्या येतोय. आता पुढं ढकललं तर ते काय म्हणतील हे मी सांगायला हवं का?"

"मला माहीत आहे काय म्हणतील."

"मग? अहो, थोडंसं कमी पडतंय ना? उद्या त्या वेळी जे अडेल तिथलं जुनं काहीतरी काढून टाका की. पाच मिनिटांचं काम."

खरं सांगायचं तर हा मोह तिलाही रात्रभर पडला होता. मूग गिळून बसायचं, नऊला सुरू करायचं, अडेल तिथं हात मारायचा. कदाचित निभलंही असतं. चूक झाली होती हे कुणाला कळलंही नसतं.

"त्या वेळी नाही काढणार, साहेब," ती म्हणाली. "गाडी दारात उभी आणि मागं माणसं खोळंबलेली असली की हात नको त्या वस्तूवर पडतो. काय टाकलं ते दुसऱ्या दिवशी कळतं. एक दिवस द्या. पत्रात लिहा की चूक माझी आहे, माझ्या नावानं लिहा. मग भांडारात पाठवायचं असेल तर पाठवा, पण उद्या मी सुरू करणार नाही."

साहेबांनी तिच्या हातातला तक्ता घेऊन पाहिला. "हा नवा रकाना कुणी सुचवला?"

"सासूबाईंनी."

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी चष्मा परत घातला आणि पत्र बदलून दिलं. कारणाच्या ओळीत त्यांनी फक्त "तांत्रिक कारणास्तव" एवढंच लिहिलं, तिचं नाव घातलं नाही. त्याबद्दल ती त्यांचे उपकार मानते, आणि तसं तिनं त्यांना पुढं बोलूनही दाखवलं.

मंगळवार सगळा तपासण्यात गेला. बुधवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना कंपनीचा प्रतिनिधी आला. चकचकीत बूट, हातात लॅपटॉपची बॅग. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. साहेब उभेच राहिले. जागाताईनं पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मुख्य सर्व्हरपासून सुरुवात केली.

गेल्या वर्षीपासून तिनं पडद्यावर एक बदल करून घेतला होता. प्रत्येक चौकोनाखाली त्याची शेवटची खबर किती वाजता आली ते दिसायचं. वेळ पुढं सरकत असेल तर हिरवा खरा, सरकत नसेल तर तो हिरवा खोटा. तिची नजर रंगाकडे नव्हतीच, ती त्या आकड्यांकडे बघत होती. मुख्य सर्व्हरचं गाठोडं मोठ्या डिस्कवर सुटलं. माहिती पुन्हा लिहिली जायला चाळीस मिनिटं लागली, आणि त्या चाळीस मिनिटांत ती एकदाही बसली नाही. मग नवं सुरू होताना चौकोन करडा झाला, पुन्हा हिरवा झाला आणि खालची वेळ टुकूटुकू पुढं जायला लागली. तिच्या जिवात जीव आला.

मग बाकीचे, पाच-पाचच्या खेपेनं. एकोणतिसावा जरा आडमुठा निघाला. तळघरातला म्हातारा सर्व्हर तो, हिशेब केला होता त्यापेक्षा जास्त जागा खाऊ लागला. रिकामं चार जीबी, तीन, दोन, एक. साहेब म्हणाले, "ताई..." ती म्हणाली, "पाचवा हिस्सा आहे, साहेब." आकडा अर्ध्या जीबीवर येऊन थांबला, थोडा घुटमळला, आणि सामान आपल्या जागी गेल्यावर पुन्हा वर चढला. अकराला दहा मिनिटं असताना अडतिसावा चौकोन हिरवा झाला.

"झालं?" कोपऱ्यातल्या प्रतिनिधीनं विचारलं. त्याची बॅग अजून उघडलेलीच नव्हती.

"झालं," जागाताई म्हणाली.

त्यानं दोन मिनिटं पडदा निरखला, तक्ता मागून घेतला, त्यातल्या नव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे आम्हीसुद्धा बऱ्याचदा विसरतो हो," आणि चहा घेऊन गेला. माणूस प्रामाणिक होता, म्हणायला हवं. साहेब दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीचा तक्ताही तुम्हीच करा. बाकीचं मी बघतो वर."

सव्वाअकराला फोन वाजला. नवजात वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर.

"ताई, तुम्ही आज ते करणार होतात ना? मी रजिस्टर काढून ठेवलंय, रिपोर्ट आणायला एका माणसाला दाराशी बसवून ठेवलंय. कधी सुरू करणार तेवढं सांगा म्हणजे बरं."

"सिस्टर, झालं की."

"काय झालं?"

"सगळं झालं. नऊला सुरू केलं होतं."

पलीकडे मागं कुठंतरी एक बाळ रडत होतं. मग सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई! आणि सकाळपासून आमचे रिपोर्ट तर येतायत." आणि मोठ्यानं हसल्या. "मग या बिचाऱ्याला सोडते मी. नऊ वाजल्यापासून बसलाय." फोन ठेवल्यावर जागाताई खुर्चीवर बसली आणि तिला रडू आलं. कौतुकाची पत्रं तिनं आयुष्यात दोन-तीन पाहिली होती, पण त्यांतल्या एकानंही तिला असं रडवलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई त्यांच्या खोलीत खाटेवर बसून शर्टाला बटण लावत होत्या. तोंडात दोरा धरूनच त्यांनी विचारलं, "मावलं का?"

"मावलं, आई." जागाताई त्यांच्याशेजारी बसली. "तुम्ही रविवारी विचारलं नसतं तर आज मी पुन्हा तोंडावर आपटले असते. माझी नोकरी राहिली ती तुमच्यामुळं. आणि मी मेलीनं तुम्हाला धड उत्तरही दिलं नाही, तशीच निघून गेले."

"असू दे. कामाची घाई होती तुला."

"नाही, मला म्हणायचंच आहे. तुमचे फार उपकार आहेत, आई."

सासूबाईंनी दोरा तोडला. त्यांना असलं बोलणं झेपत नसे. "उपकार कसले त्यात? साधी गोष्ट विचारली मी."

"साधी कशी? मी सहा वर्षं हेच करतेय आणि मला सुचलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

सासूबाईंनी लावलेलं बटण ओढून पाहिलं. मग सुई गादीत खोचून म्हणाल्या, "मी इथं आले त्या दिवसावरून."

जागाताईला तो दिवस चांगला आठवत होता. अभिमानानंच आठवत होता. आठवडाभर आधी तिनं टेप घेऊन ही खोली मोजली होती. खाट इथं, कपाट तिथं, खुर्ची खिडकीशी. दुपारी लॉरी आली आणि खाट, कपाट, खुर्ची बोटभरही इकडेतिकडे न होता बसली होती.

"खोक्यांचं म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "सामान सगळं बसलं गं. पण खोकी उघडून बघायला जागा कुठं होती? पुढच्या खोलीत माझ्या पोराचा गाडीतला माल पडलेला, दारात लॉरी, मागं गाड्या भोंगे वाजवतायत, लॉरीवाला डोकं खातोय. तू म्हणालीस, आई, यातलं जुनं-पुराणं काय असेल ते जाऊ दे का? मी म्हटलं, जाऊ दे. सहा खोकी होती, समोरच्या भंगारवाल्यानं तशीच उचलली."

जागाताईला हेही आठवलं. भंगारवाला आपणहून आला हे किती बरं झालं, असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

"काय होतं त्यात?"

"भांडी होती, ती मेली गेली तर गेली. एकात माझ्या मापांच्या वह्या होत्या. तीस वर्षांच्या. कुणाची कंबर, कुणाची बाही, कुणाच्या मुलीचं लग्न कधी, कुणाला दिवस गेलेत म्हणून शिवण सैल ठेवायची. सगळ्या बायका होत्या त्यात." मग त्या स्वतःच हसल्या. "आता काय उपयोग म्हणा त्यांचा. एव्हाना कुणालाच ती मापं व्हायची नाहीत."

जागाताईला हसू आलं नाही. सात वर्षं एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, या बाईनं एका शब्दानं हे बोलून दाखवलं नव्हतं.

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तू घामाघूम झाली होतीस. स्वतःची खोली मला दिलीस, माझ्यासाठी टेप घेऊन मापं काढलीस. तेवढं कोण करतं गं? मला त्या दिवशी वह्यांपेक्षा त्याचंच जास्त वाटलं. आजही वाटतं."

"त्या लॉरीवाल्याला एक दिवस थांबवायला हवं होतं मी. नुसता एक दिवस."

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"या वेळी थांबवलंस ना? झालं तर मग."

जागाताईनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. असं तिनं लग्नाच्या एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं.